शिवराईवरची चंद्रकोर

मारतहळ्ळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद: आज टँकर उशिरा येईल. बोअरचं पाणी पिऊ नये.

*

एका वहीतली ओळ, कन्नड अक्षरांत: दिवस सहावा. मोठा पापुद्रा सुटला. खाली धातू शाबूत. पुडी तीन.

*

गुरुवारी दुपारी चार वाजताच जयनगरच्या बाजारातली कमळं संपली. फुलवाली म्हणाली, आता झेंडू न्या.

*

"हातात घे, पण चंद्र पुसू नकोस." हे एका वडिलांनी नऊ वर्षांच्या मुलाला सांगितलं होतं. मुलगा आता एकाहत्तर वर्षांचा आहे.

*

रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. जयनगरातल्या एका दिवाणखान्यात जुन्या नाण्यांचे अकरा शौकीन कॉफी पीत बसले होते. यजमान विश्वासरावांनी सगळ्यांसमोर एक कागदाची पुडी उघडली, आतलं तांब्याचं नाणं तळहातावर घेतलं आणि दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हे माझं नाणं नव्हे."

नमुना पहिला: गंगव्वाचं पाणी

सोमवारी सकाळी राजाजीनगरातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एक बाई दोन काचेच्या बरण्या घेऊन आली. बरण्यांत पाणी होतं. ते तपासून हवं होतं.

काउंटरवर सुखदा होती. नागपूरहून येऊन तिला सहा वर्षं झाली होती आणि बंगळूर तिला रस्त्यांपेक्षा पाण्यावरून जास्त कळायचं. कुठे कावेरीचं मऊ पाणी येतं, कुठे टँकरचं जड पाणी बादल्यांना पांढरी कडी देऊन जातं, हे ती चव न घेता सांगायची. बरण्यावाल्या बाईला ती ओळखत होती. गंगव्वा, चिकोडीकडची, तीस वर्षं याच भागात. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत ती जुनी नाणी साफ करायची. चिंच नाही, लिंबू नाही, पितळेची पावडर नाही. शुद्ध केलेलं पाणी, थोडा सोडा, बाभळीचा काटा आणि पुष्कळ दिवस. तांब्याच्या नाण्याला एक रोग होतो; मीठ आत शिरतं, ओल मिळाली की फिकट हिरवी भुकटी बाहेर येते आणि नाणं आतून पोखरत जातं. गंगव्वा ते मीठ पाण्यात भिजवून भिजवून बाहेर काढायची. रोज पाणी बदलायचं, रोज वजन करायचं, रोज वहीत लिहायचं.

विश्वासरावांची शिवराई, मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, तिने एकवीस दिवस भिजवली होती. गुरुवारी परत पाठवली. रविवारी दुपारी त्यांच्या मुलाचा, मल्हारचा फोन आला की बाबा म्हणतात नाणं बदललंय. पुढच्या रविवारी नाण्यांच्या शौकिनांचं मंडळ सगळ्या संग्राहकांना पत्र पाठवणार होतं, गंगव्वाकडे नाणी देऊ नका म्हणून. असं पत्र गेलं की त्या दोन खोल्यांत परत कुणी नाणं आणणार नव्हतं.

"नाण्यावर हिरवी भुकटी आली म्हनत्यात," गंगव्वा म्हणाली. "माझ्या पान्यात खोट हाय का बघा, बाई. असली तर मी आजच सांगून टाकते त्यास्नी."

सुखदाने पाण्यात चांदीच्या क्षाराचा थेंब टाकला. मीठ असतं तर पाणी दुधाळ झालं असतं. पाणी तसंच राहिलं. दुसऱ्या बरणीतलंही.

"तुमचं पाणी सोवळं आहे, अक्का."

गंगव्वाचा चेहरा खुलला नाही. ती बरण्यांची झाकणं लावत म्हणाली, "मग वाईटच झालं की. पानी चुकलं असतं तर चूक माझी, संपलं. आता कुनाची तरी चोरी झाली."

फक्त उत्तरं

(मंगळवारी गंगव्वाच्या वतीने सुखदाने तिघांना प्रश्न विचारले. प्रश्न इथे देत नाही. उत्तरांवरून ते कळतात.)

विश्वासराव, जयनगरच्या घरी:

"बस अम्मा. कॉफी घे स्वल्प."

"शिवराई पुष्कळांच्या घरी असते. आमची वेगळी. टांकसाळीत तिच्यावर ठसा दोनदा बसला, त्यामुळे श्री दोनदा दिसतो. आणि श्रीच्या खाली चंद्रकोर. हिरवट, उठावाची. बोटाला लागायची. डोळे मिटून ओळखलं असतं मी."

"आता श्री दोनदा आहे खरा, पण तो कुणीही उठवेल. चंद्र नाही. अंग गुलाबी, घासल्यासारखं. वर हिरवी भुकटी. हे कुठलं तरी दुसरंच पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलंय."

"पुडी मल्हारनं आणली. तो मारतहळ्ळीला राहतो, बायकोबरोबर. नाही, ती इथे येत नाही. ते राहू दे."

"पाणी? छे. रविवारी बघितलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवलं. पुडीसकट."

"गंगव्वाशी मी अजून बोललो नाही. बारा वर्षांचा विश्वास आहे, अम्मा. समोर आली तर तोंडातून काय जाईल सांगता येत नाही. पण ज्यानं हे केलं त्यानं माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, सरी? कळलं?"

गिरीराज, जुन्या नाण्यांचा व्यापारी, दुकानात:

"तीनदा मागितली मी ती शिवराई. तिन्ही वेळा चहा मिळाला, नाणं नाही."

"हो, बुधवारी गेलो होतो गंगव्वाकडे, माझी नाणी न्यायला. शिवराई पंख्याखाली वाळत होती. हातात घेतली, परत ठेवली. चंद्र होता का? तसं लक्ष दिलं नाही."

"हसता काय? व्यापाऱ्यानं नाणं हातात घेऊन बघितलं नाही म्हटलं तर तुम्ही मला धरलंच म्हणायचं."

मल्हार, फोनवर:

"गुरुवारी ऑफिसनंतर घेतली पुडी. गाडीत सगळी फुलंच फुलं होती, म्हणून गंगव्वाक्कांनी ती माझ्या खिशातच घातली."

"घरी देवघराच्या फळीवर ठेवली. शुक्रवार-शनिवार आमचं सॉफ्टवेअर रिलीज होतं. जेवायला घरी गेलो नाही, नाणं कधी बदलू?"

"रविवारी सकाळी फळीवरून उचलली आणि बाबांना दिली. उघडलीसुद्धा नाही."

लाल

बुधवारी विश्वासराव नाणं घेऊन प्रयोगशाळेत आले, बरोबर जाणकार म्हणून गिरीराज. गंगव्वा आधीच एका कोपऱ्यात उभी होती. विश्वासरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

गिरीराजने खिशातला छोटा काटा काढून नाणं तोललं. ८.९६ ग्रॅम. सुखदाने गंगव्वाच्या वहीतलं गुरुवारचं पान उघडायला लावलं. ८.९७. मग सुखदाने पुडीचा कागद उजेडासमोर धरला. घडीत नाण्याएवढं एक पांढरं वर्तुळ होतं, वाळलेल्या पाण्याचं. बाहेरच्या बाजूला निळ्या शाईत कन्नडमध्ये एक ओळ होती. कागद तिने ठेवून घेतला.

"अण्णा," गंगव्वा पहिल्यांदाच बोलली, "आजारी हाय ते. भांडन मागनं करा. आधी सोड्याच्या पान्यात बुडवू द्या."

विश्वासरावांनी मान हलवली. होकार होता की वैताग, ते कळलं नाही. गंगव्वाने तो होकार धरला आणि दोऱ्याच्या झोळीत ठेवून नाणं काचेच्या भांड्यात सोडलं.

चारही माणसं वाकून बघत होती. आधी काही झालं नाही. मग दोन श्रींच्या खाचांतून बारीक लाल धागे निघाले आणि पाण्यात हळूहळू वर चढायला लागले.

"रंग," गिरीराज म्हणाला. "नकली नाण्याला जुनं दाखवायला चढवतात तो. मी असले दहा बघितलेत. काका, सुटला तुमचा प्रश्न."

विश्वासरावांनी नाण्याची रिकामी डबी भांड्याशेजारी ठेवली. रविवारी पत्र जाईल, एवढंच ते म्हणाले, तेही भिंतीकडे बघून.

सुखदा गंगव्वाकडे बघत होती. गंगव्वाच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. तिला काहीतरी समजलं होतं. सुखदाने डोळ्यांनीच विचारलं. गंगव्वाने नाणं बाहेर काढलं, कोरडं केलं, मालकाच्या डबीत ठेवलं आणि चप्पल घालून निघून गेली.

न घडलेल्या तीन गोष्टी

एक. बुधवारी पंख्याखाली वाळणारी शिवराई गिरीराजने उचलली आणि तशीच दुसरी ठेवली. हे घडलं नाही. गुरुवारी गंगव्वाने तोललेलं नाणं आणि नंतर गिरीराजच्याच काट्यावर चढलेलं नाणं यांत एका शतांशाचा फरक. हाताने पाडलेली नाणी. दोन शिवराया कधी एका वजनाच्या नसतात. आणि दोनदा बसलेला ठसा जसाच्या तसा उठवायला एक दिवस पुरत नाही.

दोन. गंगव्वाने एकवीस दिवसांत सवडीने खोटं नाणं करवून घेतलं. हेही नाही. जो खोटं नाणं करतो, तो मालक काय शोधेल ते आधी बघतो. ज्याला विश्वासरावांना फसवायचं आहे तो सगळ्यात आधी नाण्यावर चंद्र उठवेल. चंद्र नव्हता, म्हणूनच हे नाणं खोटं नव्हतं.

तीन. विश्वासरावांनीच घरी नाणं धुतलं आणि आता सांगायला लाजतात. नाही. कागदावरचं पांढरं वर्तुळ सुखदाने खरवडून तपासलं होतं. चुन्याचा जाड थर. असलं जड पाणी गंगव्वाच्या बरणीत नाही, जयनगरच्या कावेरीच्या नळाला नाही.

म्हणजे नाणं तेच होतं, आणि वाटेत कुठेतरी भिजलं होतं. वाटेत एकच घर होतं.

नमुना दुसरा: मारतहळ्ळी

शनिवारी सकाळी सुखदा रिकामी बाटली घेऊन गेली. आठव्या मजल्यावरच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, आठवड्यात वाळून कुरकुरीत झालेलं. मल्हारची बायको सिद्धी हिने दार उघडलं. सुखदाने नळाचं पाणी तपासायचं आहे म्हटलं, ते खरंच होतं. दोन वाक्यांत दोघींना कळलं की दोघीही नागपूरच्या, एक धरमपेठेतली, एक महालातली. सिद्धीने चहा टाकला. नागपूर सुटल्यापासून कुणाशी असं बोलले नाही, म्हणाली. पाण्याने केस गळतात, असंही म्हणाली.

सुखदाने बाटली भरली. नळाच्या तोटीवर पांढरं किटण होतं.

मग तिने विचारलं की तोरण कशाचं. सिद्धी सांगायला लागली. गेल्या शुक्रवारी वरमहालक्ष्मीची पूजा होती. इथे सगळ्या बायका करतात. तिने पहिल्यांदाच केली. शेजारच्या अक्का शिकवायला आल्या होत्या. कलश मांडायचा, नारळाला लक्ष्मीचा मुखवटा बांधायचा, आणि कलशाच्या पाण्यात हळद, सुपारी, एक नाणं. अक्का म्हणाल्या, घरातलं सगळ्यात जुनं नाणं असेल तर उत्तम.

चहा उतू गेला.

"फळीवर होतं ते," ती गॅस बंद करत म्हणाली. "मल्हार म्हणाला होता, बाबांचं आहे, घरातलं जुनं. पुडीवर काहीतरी लिहिलं होतं. मला कन्नड वाचता येत नाही न. वाटलं, शुभ-लाभ असेल."

पुडीवर काय लिहिलं होतं ते सुखदाने सांगितलं. पाणी लावू नये.

सिद्धी ओट्याला टेकून खाली बसली. पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं. नाणं काळपट दिसत होतं. देवाला तसं कसं द्यायचं? आई तांब्याची भांडी घासते तसं तिने चिंच-मिठाने घासलं. एवढं सुंदर निघालं की तिला वाटलं, सासरे बघतील तर म्हणतील, पोरीने केलं हे. लग्नाला ते आले नव्हते. दोन वर्षांत घरी बोलावलं नव्हतं. शनिवारी कलश उतरवला, नाणं पुसलं, त्याच कागदात परत बांधलं.

"मल्हार म्हणाला नाणं बदललंय. मी म्हटलं, मी तर बदललं नाही. म्हणजे माझं काही नाही त्यात. आठवडाभर मी हेच स्वतःला सांगून राहिली आहे."

सुखदाने चंद्राबद्दल विचारलं.

"चंद्र नव्हता, ताई. देवाशपथ. मी घासायला घेतलं तेव्हाच नव्हता."

फोन

सुखदाने शनिवारी संध्याकाळी गंगव्वाला फोन केला.

"अक्का, बुधवारी पाणी लाल झालं तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

गंगव्वा म्हणाली, "हळदीवर सोडा पडला की काय होतं ते न्हाई वळखत अशी बाई हाय का? त्या पोराच्या गाडीत कमळं होती. बायकोची पयली पूजा म्हनून सांगत हुता, हरखून. आणि म्हाताऱ्यानं त्या सुनेला अजून उंबरा दाखविला न्हाई, हे सगळ्या मंडळाला ठावं हाय. मी तोंड उघडलं असतं तर तिला जन्मात आत घेतलं नसतं. पूजेतली चूक चोरी म्हनून कशी सांगू?"

"आणि तुमचं नाव?"

"माझं काय. साठ झाली."

सुखदा म्हणाली की हळद आणि भुकटी समजली, पण एक राहतं. चंद्रकोर. विश्वासराव तिच्यावरूनच नाणं ओळखतात आणि ती सिद्धीच्या हाती यायच्या आधीच गेली होती.

"कसली चंद्रकोर?" गंगव्वाने विचारलं.

विश्वासरावांनी सांगितली होती तशी सुखदाने सांगितली. श्रीच्या खाली, हिरवट, उठावाची, बोटाला लागणारी.

गंगव्वा हसायला लागली. आठवड्यात पहिल्यांदा. हसता हसता तिला खोकला आला. "थांबा," ती म्हणाली, "पुडी तीन शोधते."

अकरा शौकीन आणि तीन बायका

रविवारी दिवाणखान्यात पत्राचा मसुदा टेबलावर होता. सुखदा आणि गंगव्वा आल्या. त्यांच्यामागे मल्हार, आणि उंबऱ्याच्या बाहेर सिद्धी.

विश्वासराव उठून उभे राहिले. सुखदाने बोलायला सुरुवात करायच्या आधी सिद्धीच बोलली, उंबऱ्याबाहेरूनच. मी घासलं. मी पाण्यात ठेवलं. मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर गप्प बसले, ती चूक जास्त मोठी. गंगव्वाक्कांचा काही दोष नाही.

सुखदाने स्वयंपाकघरातून हळद मागवली, बशीत घेतली, वर सोड्याचं पाणी टाकलं. पिवळं होतं ते लाल झालं. खोलीतल्या प्रत्येक माणसाने ते लहानपणी चुन्याबरोबर बघितलेलं होतं. गिरीराजने कपाळावर हात मारला आणि म्हणाला की माझी आई असती तर आज माझा कान तुटला असता.

"आणि चंद्र?" विश्वासराव म्हणाले. ते एवढंच विचारू शकत होते.

गंगव्वाने पिशवीतून कागदाच्या पाच छोट्या पुड्या काढल्या. नाण्यावरून जे जे निघेल ते ती टाकत नसे. घाण असली तरी मालकाची. महिनाभर नाणं पुन्हा आजारी पडलं नाही की मगच परत द्यायची, ही तिची रीत. तिसरी पुडी तिने उघडली. आत हिरवट, वाकडा, नखाएवढा पापुद्रा होता. तिने तो बाभळीच्या काट्यावर उचलला आणि नाण्यावर, दोन श्रींच्या खाली, अलगद टेकवला. तो बसला.

विश्वासराव भिंगातून बघत राहिले.

"अण्णा, हा चंद्र न्हवता," गंगव्वा म्हणाली. "रोग हुता. तुमच्या वडिलांनी जपला, तुम्ही जपला. बासष्ट वर्सं तुम्ही नाण्याला त्याच्या रोगावरनं वळखत हुता. रोग गेला, आणि नाणंच परकं वाटाय लागलं तुमास्नी."

कुणीतरी हसलं. मग अकराही जण हसले, आणि सगळ्यात शेवटी विश्वासराव, डोळे पुसत, खुर्चीत बसत. पत्राचा कागद त्यांनी घडी करून कॉफीच्या कपाखाली ठेवला, तिथे त्याला ओला गोल डाग पडला. गंगव्वाची माफी त्यांनी कन्नडमध्ये मागितली, मराठीत त्यांना जमलं नसतं. मग दाराकडे बघितलं.

"वरमहालक्ष्मी केलीस, आणि मला प्रसाद नाही?"

"आणला असता," सिद्धी म्हणाली. "पण..."

"पण काय. आत ये आणि सांग. उंबऱ्यावरून मला ऐकू येत नाही नीट."

ती आत आली. मल्हारने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की गिरीराजने त्याला पाणी हवं का विचारलं.

पुन्हा मीठ शिरलेलं नाणं विश्वासरावांनी स्वतःच्या हाताने डबीतून काढलं आणि सगळ्यांसमोर गंगव्वाच्या हातात ठेवलं. किती दिवस, त्यांनी विचारलं. परत एकवीस, ती म्हणाली, आणि या वेळी पुडी मी स्वतः आणून देणार. तिने नाणं रुमालात बांधलं, सिद्धीला जवळ बोलावलं आणि पावसाळ्यात तांब्याची भांडी कशी ठेवायची ते तिला सांगत बसली. कॉफी दुसऱ्यांदा आली.

शनिवारी दुपारी, सुखदाचा फोन यायच्या आधीच, गंगव्वाने आपला वजनकाटा, आता लागणार नाही म्हणून, कोपऱ्यावरच्या सोनाराला देऊन टाकला होता.